बैलाला वशिंड नाही, मग जू कुठं टेकलंय? गुराढोरांचं ग्रामीण चित्र कसं वाचावं

एका दिवाळीला गावी जाताना मी रोझा बोनर या फ्रेंच चित्रकर्तीच्या ‘निव्हेर्नेमधली नांगरणी’ (निव्हेर्ने हा मध्य फ्रान्समधला एक भाग) या चित्राची मोठी छापील प्रत घेऊन गेलो होतो. ओसरीवर ती पसरली तेव्हा माझे चुलते, आप्पा, शेजारी येऊन बसले. सारी हयात त्यांनी औत हाकलं. चित्रकलेच्या पुस्तकांशी त्यांचा कधी संबंध आला नाही. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आरं, ह्यास्नी वशिंडच न्हाई की. मग जू टेकतंय कुठं?”

ते चित्र मी तोवर कितीतरी वेळा पाहिलं होतं, पण हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. मी रंगसंगती बघत होतो, उजेड बघत होतो, ‘शेतीजीवनाचा गौरव’ असले शब्द वहीत लिहीत होतो. आप्पांनी मात्र थेट कामाकडे पाहिलं. माणसं, गुरं आणि जमीन असलेलं चित्र वाचायचं असेल तर आधी त्यातलं काम वाचावं, अर्थ नंतर लावावा, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे दिलेली पद्धत त्यातूनच आली. हाताशी हेच चित्र घेतलंय, मध्ये इतर दोन-तीन चित्रांकडेही वळू.

आधी चित्र नीट मिळवा आणि त्याचं माप घ्या

मोबाईलच्या पडद्यावर हातभर शेत बोटभर होतं आणि बैलाचे खूर दिसतच नाहीत. म्हणून संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची मोठी प्रतिमा शोधा. बोनरचं हे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. लंडनची नॅशनल गॅलरी आणि ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम यांच्या साइटवर चित्र इतकं मोठं करता येतं की ब्रशचा फटकारा दिसतो.

मग एक सुतळी घ्या. या चित्राची रुंदी २.६ मीटर आहे आणि उंची साधारण त्याच्या निम्मी. सुतळीने भिंतीवर तेवढा चौकोन आखा आणि समोर उभे राहा. हा पोरखेळ वाटेल, पण कराच. तेवढ्या रुंदीत पुढचा बैल केवढा येईल याचा अंदाज बांधला की कळतं, हे दिवाणखान्यात सोफ्याच्या वर टांगायचं चित्र नाही. एवढे मोठे कॅनव्हास त्या काळी लढाया, राजे आणि देवादिकांसाठी राखलेले असत. १८४९ सालच्या पॅरिसच्या सलोन प्रदर्शनात बोनरने त्या मापात औताचे बैल उभे केले. हे माप घेतलं नसतं तर चित्रातली निम्मी गोष्ट हुकली असती.

चित्राखालची पाटी अजून वाचू नका. पाच मिनिटं नुसतं बघा आणि डोळा आधी कुठं गेला, मग कुठं गेला, ते कागदावर टिपा. पाटी वाचली की डोळा तिच्या मागोमाग जातो.

जमीन किती, आभाळ किती

जमीन आणि आभाळ जिथं भेटतात त्या रेषेपासून सुरुवात करा. ती वर असेल तर चित्रकार जमिनीबद्दल बोलतोय. अगदी खाली असेल तर आभाळाला महत्त्व आहे. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी ही रेषा पुष्कळदा इतकी खाली ठेवली की माळावरची साधी गाय ढगांपुढे डोंगरासारखी दिसते.

नंतर चित्राची खालची कड पाहा, म्हणजे तुम्ही चित्रात शिरलात तर पाऊल कुठं पडेल ती जागा. काही चित्रांत तिथं पायवाट असते, काहींत ओढा, काहींत सावलीतली झुडपं. ही आपल्याला आत घ्यायची वाट.

बोनरच्या चित्रात तिथं नुकतीच उलथलेली ढेकळं आहेत. मध्ये झुडूप नाही, कुंपण नाही, बसायला दगडही नाही. ढेकळांचा तो पट्टा चित्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, आणि एकेक ढेकूळ वेगळं रंगवलेलं आहे. फाळाने कापलेली बाजू गुळगुळीत, फुटलेली बाजू खडबडीत. नांगरलेल्या रानातून अनवाणी चाललेल्या माणसाच्या तळपायाला हा फरक ठाऊक असतो. मागे झाडीची टेकडी आणि स्वच्छ आभाळ आहे खरं, पण त्यांच्यापर्यंत पोचायला तुम्हाला हे रान तुडवावं लागतं. ‘किती रम्य देखावा’ असं पटकन म्हणता येऊ नये, याची सोय तिने चित्राच्या खालच्या कडेलाच करून ठेवली आहे, असं मला वाटतं.

ऋतू आणि वेळ

शेतकऱ्याला इथं फार सांगायला नको. झाडांची पानं, सावल्यांची लांबी, माणसांच्या अंगावरचे कपडे आणि चाललेलं काम या चार गोष्टी जुळवल्या की महिना सांगता येतो. न जुळल्या तर ती खूणगाठही मोलाची, कारण चित्रकाराने काहीतरी मुद्दाम बदललेलं असतं. बोनरच्या चित्रातली नांगरणी ही शरदातली पहिली, फ्रेंचमध्ये तिला ‘सोंब्राज’ म्हणतात. हिवाळाभर जमिनीला हवा लागावी म्हणून ती उलथून ठेवायची. आपण उन्हाळ्यात रान नांगरून तापू देतो, ते तिकडे थंडीत मोकळं ठेवतात.

जनावरं: इथं घाई करू नका

पुष्कळ लेखांत या भागाची ‘पार्श्वभूमीला गुरे चरताना दिसतात’ अशी एका ओळीत बोळवण होते. मी म्हणेन, अर्धा वेळ इथंच घालवा.

आधी मोजा. बोनरच्या चित्रात बारा बैल आहेत, सहा-सहाचे दोन नांगर. आता विचारा, एका नांगराला सहा बैल का? आपल्याकडेही काळ्या भारी रानात सहाबैली, आठबैली नांगर चालत. जमीन चिवट असेल आणि तास (नांगराची चरी) खोल घालायचं असेल तर एका जोडीचं ते काम नाही. म्हणजे बैलांची नुसती मोजणी केली तरी मातीचा पोत कळतो. आणखी एक गोष्ट कळते. बारा बैल एकाच रानात उतरवणारं शेत लहान नसणार. हे बैल कुणाचे, हा प्रश्न इथंच वहीत लिहून ठेवा. उत्तर चित्रात नसेलही, पण प्रश्न पुढे उपयोगी पडतो.

मग जात आणि बांधा. हे निव्हेर्ने भागातले पांढुरके आणि काही तांबूस अंगाचे बैल. छाती रुंद, पाय आखूड आणि जाड, मान ठोसर. खिल्लारशी ताडून पाहा. खिल्लार उभट, चपळ, लांब शिंगांचा, आणि त्याच्या खांद्यावर वशिंड. युरोपच्या गुरांना वशिंड नसतं, आणि आप्पांचा प्रश्न नेमका याच जागी बसतो. आपल्याकडे जू मानेवर, वशिंडाच्या पुढे टेकतं, दोन्ही बाजूंनी शिवळा (जुवातल्या खुंट्या), खालून जुपणी (गळ्याखालचा पट्टा). बैल खांद्याने ओढतो. म्हणून तर पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करायची, वर्षभर घासलेल्या त्या जागेला हळद-तूप लावायचं. वशिंड नसलेल्या बैलाच्या मानेवर आपल्यासारखं जू ठेवलं तर त्याला मागून आधार नाही. म्हणून फ्रान्सच्या बऱ्याच भागांत जू डोक्याला, शिंगांच्या मागे ठेवून चामड्याच्या पट्ट्यांनी शिंगांना आवळून बांधत. चित्र मोठं करून बैलांच्या शिंगांजवळ पाहा, हीच बांधणी सापडेल.

आता ही माहिती घेऊन चित्राकडे परत या. डोक्यानेच ओढायचं म्हटल्यावर मान खाली जाते, ताठ होते, आणि जोडीदाराशी जखडलेली असल्यामुळे बैलाला डोकं स्वतःच्या मर्जीने वळवता येत नाही. या चित्रातला मधला एक बैल आपल्याकडे पाहतो, यावर अनेकांनी लिहिलंय. त्याच्या नजरेत कुणाला करुणा दिसते, कुणाला जाब. मला त्याआधी एक साधी गोष्ट दिसते. डोकं बांधलेलं आहे, म्हणून फक्त डोळा वळलाय. आप्पांनी वशिंडाचं विचारलं नसतं तर हे मला उमगलं नसतं. जुवाकडून डोळ्याकडे आलं की त्या नजरेबद्दल बोलायला हातात काहीतरी असतं. थेट डोळ्याकडून सुरुवात केली की नुसती भावना उरते.

वय आणि तब्येतही बघा. बाजारात जनावर घेताना दात बघून आदत, दुसा, चौसा ठरवतात, तीच नजर चित्रावर चालवा. हेगच्या माउरिट्सहाउसमध्ये पाउलस पॉटर या डच चित्रकाराचं १६४७ सालचं प्रचंड चित्र आहे. त्यात जवळजवळ खऱ्या आकाराचा एक खोंड आहे. पाठीवर माश्या, खाली शेणाचा पो, गवतात बेडूक, वर आभाळात चंडोल. इतकं बारीक काम पाहून वाटतं, पॉटरने गोठ्यापुढे बसून जसंच्या तसं उतरवलं असणार. पण जाणकारांनी तपासलं तेव्हा त्या खोंडाचे अवयव एका वयाचे निघाले नाहीत. वेगवेगळ्या जनावरांची रेखाटनं जुळवून त्याने एक खोंड घडवला होता. कॅनव्हासही आधी लहान होता, नंतर कडांना पट्ट्या जोडून वाढवला. म्हणजे बारीक तपशील दिसला की ‘डोळ्यांनी पाहिलेलं सत्य’ असं लिहून मोकळं होऊ नका. पॉटर तेव्हा जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचा होता, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी तो गेला.

बोनरला प्राण्यांचा बांधा कुठून कळला, हेही विचारण्यासारखं आहे. ती पॅरिसच्या कत्तलखान्यांत आणि गुरांच्या बाजारांत जाऊन रेखाटनं करायची. बाईमाणसाने तिथं घागऱ्यात वावरणं कठीण, आणि पुरुषी कपडे घालायला त्या शहरात पोलिसांचा परवाना लागायचा. तिने तो काढला होता. पुढे १८६५ मध्ये तिला लेजन ऑफ ऑनर हा फ्रान्सचा मोठा राष्ट्रीय सन्मान मिळाला, आणि हा मान मिळालेली ती पहिली स्त्री कलावंत. चित्रातल्या बैलाच्या मांडीचा स्नायू जिथं ताणलेला दिसतो, तिथं या साऱ्या खटपटीचा हिशेब लागतो.

माणसं कुठं उभी आहेत

माणसांसाठी चार प्रश्न पुरतात. केवढी आहेत? तोंड दिसतंय का? पायात काय आहे? काम करतायत की कामावर नजर ठेवतायत?

बोनरच्या चित्रात माणसं बैलांच्या आड गेली आहेत. टोपीखालची तोंडं ओळखू येत नाहीत. हातातल्या लांब काठीने हाकणारा गडी बैलाच्या धडामागे निम्मा लपलाय. एवढ्या मोठ्या चित्रात नांगऱ्याला चेहरा नाही, याचं काय करायचं? एक वाचन असं की तिला प्राणीच प्रिय होते, माणूस नकोसा होता. दुसरं असं की काम इतकं एकजीव झालंय की माणूस वेगळा काढून दाखवायची गरजच नाही. मी दुसऱ्याकडे झुकतो, कारण औतामागे चालणाऱ्याला बांधावरून पाहिलं तर तो दिसतो तो असाच, बैलांच्या पाठीवरून टोपी तेवढी हलताना. पण पहिल्या वाचनालाही आधार आहे, तो लपवू नका.

याच्या अगदी उलट उदाहरण हवं असेल तर मिले या फ्रेंच चित्रकाराचं ‘सरवा वेचणाऱ्या’ हे १८५७ सालचं चित्र घ्या, तेही ओर्सेमध्येच आहे. तीन बाया कापणी झालेल्या रानात सरवा वेचतायत. इथं माणसं पुढे, मोठी, कमरेत वाकलेली. मागे दूरवर उन्हात गंजी, भरलेली गाडी, आणि उजवीकडे घोड्यावर बसलेला एक माणूस, इतका लहान की पहिल्यांदा नजरेतून सुटतो. तो मुकादम. सरवा वेचणारीच्या मुठीत चार कणसं आणि मागे डोंगराएवढ्या गंजी, मधली सगळी जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेचा अर्थ सरवा वेचलेल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचं ‘वाळल्या गवताची गाडी’ (१८२१, नॅशनल गॅलरी) हे तिसरं उदाहरण. सफोक आणि एसेक्स यांच्या सीमेवरची स्टूर नदी, डावीकडे विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचं घर, उथळ पाण्यात उभी रिकामी गाडी, तिला जुंपलेले तीन घोडे, काठावर कुत्रं. घोड्यांच्या गळ्यातला लाल रंग हिरव्या देखाव्यात कसा उठतो, ते बघाच. पण उजवीकडच्या दूरच्या कुरणावर नजर नेली तर पांढरे ठिपके दिसतात. ते गवत कापणारे मजूर. गाडी ज्यांच्यासाठी चाललीय ते लोक चित्रात ठिपक्याएवढे आहेत. नेपोलियनशी चाललेलं युद्ध संपल्यावर इंग्लंडच्या शेतीत मंदी आली होती, आणि १८२२ मध्ये त्याच पूर्व भागात मजुरांनी मळणीयंत्रं फोडली. चित्रात यातलं काही नाही. नसण्याचा अर्थ लावताना जपून बोलावं. कॉन्स्टेबलने जाणूनबुजून लपवलं असं ठरवायला चित्र पुरेसं नाही. हे शांत गाव त्याच्या लहानपणीचं होतं, जवळची गिरणी त्याच्या वडिलांची होती, आणि चित्र त्याने लंडनमधल्या स्टुडिओत रेखाटनांवरून रंगवलं, एवढं मात्र खात्रीने सांगता येतं. गिरणीमालकाच्या मुलाला मजूर दुरून दिसले, हे वाचन मला पटतं.

पैसे कुणी दिले

आता पाटी वाचा. नाव, साल, कुणी करवून घेतलं, पहिल्यांदा कुठं टांगलं.

फेब्रुवारी १८४८ मध्ये फ्रान्समध्ये राजा गेला आणि प्रजासत्ताक आलं. साऱ्या प्रौढ पुरुषांना मत मिळालं, आणि त्यातले बहुसंख्य खेड्यांतले होते. त्याच जूनमध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर कामगारांचा उठाव झाला आणि तो रक्तात बुडवला गेला. त्या वर्षीच्या सलोनमध्ये बोनरला पदक मिळालं आणि सरकारने तिच्याकडून हे चित्र करवून घेतलं, ३००० फ्रँकला. म्हणजे गिऱ्हाईक जमीनदार नव्हता, सरकार होतं. शहर पेटलेलं असताना सरकारला शांत, कष्टाळू, जमिनीला धरून असलेलं खेडं भिंतीवर हवं असणं स्वाभाविक आहे. पण त्यावरून बोनरचा हेतूही तोच होता असं म्हणता येत नाही. गिऱ्हाइकाला काय हवं होतं आणि चित्रकाराने काय दिलं, ही दोन वेगळी वाक्यं लिहा. एकात घुसडू नका.

प्रतीकं सगळ्यात शेवटी

मेंढपाळ दिसला की ख्रिस्त, बैल दिसला की बळ, मोडकं झाड दिसलं की मृत्यू. ही यादी पाठ करून चित्रावर लावली तर सगळी चित्रं एकच गोष्ट सांगायला लागतात. प्रतीक मानायचं तर त्याच काळातला, त्याच देशातला आधार हवा. सतराव्या शतकात डच लोकांच्या राजकीय छापील चित्रांत गाय ही हॉलंडच्या भरभराटीची खूण म्हणून यायची. त्यामुळे डच चित्रातल्या लठ्ठ गाईकडे तसं पाहायला जागा आहे. बोनरच्या बैलांना तीच खूण लावायला मला काही आधार दिसत नाही. आणि आपल्याकडचा नंदी, पोळा, बैलाची पूजा हे सगळं तिच्या चित्रात शोधू नका. आपलं औताचं ज्ञान वापरा, आपली श्रद्धा तिच्यावर लादू नका.

वहीत कसं लिहायचं

पानावर तीन रकाने पाडा: ‘दिसतं’, ‘त्यावरून वाटतं’, ‘तपासायचंय’. पहिला रकाना भरल्याशिवाय दुसऱ्यात एक शब्दही लिहायचा नाही. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे. दिसतं: जू शिंगांना आवळलेलं, माना खाली, एकाचा डोळा आपल्याकडे. त्यावरून वाटतं: थकवा आणि अडकलेपण, तक्रार म्हणवत नाही. तपासायचंय: निव्हेर्नेमध्ये तेव्हा सगळीकडे हीच बांधणी होती का?

सरावाला पॅरिस गाठायची गरज नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेली युरोपीय तैलचित्रं आहेत. कामाच्या दिवशी सकाळी जा, गर्दी कमी असते. एकच चित्र निवडा, शक्यतो गुरं असलेलं. घरातलं जनावर राखलेलं एखादं माणूस बरोबर न्या, काही समजावून न सांगता चित्रापुढे उभं करा आणि ते पहिलं वाक्य काय बोलतं ते जसंच्या तसं लिहून घ्या.

आप्पांनी शेवटी छापील कागदावरच्या ढेकळांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “तास सरळ हाय. पण पुढल्या जोडीचा एक बैल अंग चोरतोय बघ.” कुठला, ते मी अजून शोधतोय.